मूलद्रव्याची टक्केवारी चुकते तेव्हा आधी बघा, शंभर कशाचे धरलेत

मागच्या आठवड्यात अकरावीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. वहीत तिने पोटॅशियम क्लोराइडमधल्या (खताच्या दुकानात ज्याला पोटॅश म्हणतात) पोटॅशियमची टक्केवारी चार वेळा काढली होती आणि चारही वेळा उत्तर ५२.४ आलं होतं. "मॅडम, आमच्या दुकानातल्या पोटॅशच्या गोणीवर ६० लिहिलंय. माझं नेमकं कुठे चुकतंय?"

तिचं गणित बरोबर होतं आणि गोणीवरचा आकडाही खरा होता. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते पुढे सविस्तर लिहिते, कारण या धड्यातली सगळ्यात चिवट अडचण तिथेच आहे. पण आधी त्या चुका बघू, ज्या दर वर्षी, दर तुकडीत, अगदी त्याच आकड्यांनिशी परत येतात.

सूत्र एवढंच आहे: संयुगातल्या त्या मूलद्रव्याचं एकूण वस्तुमान भागिले संयुगाचं रेणुवस्तुमान, गुणिले शंभर. तरीही चाळीस मुलांच्या वर्गात सहा-सात वेगवेगळी उत्तरं येतात. वर्षानुवर्षं वह्या तपासताना माझ्या लक्षात आलं की ही चुकीची उत्तरं वाटेल तशी येत नाहीत. ठरावीक चूक ठरावीक आकडा देते. त्यामुळे उत्तर बघूनच गाडी कुठे अडली ते सांगता येतं. म्हणून इथे मी उलट्या दिशेने जाते. तुमचं उत्तर काय आलंय ते बघा आणि तिथून चुकीपर्यंत मागे या.

युरियावर तपासून बघा

नमुना म्हणून युरिया घेऊ. सूत्र लिहिताना आपण सी-ओ, मग कंसात एन-एच-२ आणि कंसाबाहेर २ असं लिहितो. म्हणजे कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. वस्तुमानं १२, १६, २८ आणि ४, बेरीज ६०. नायट्रोजन २८ ÷ ६० × १०० = ४६.६७ टक्के. अणुवस्तुमानं तीन दशांश स्थळांपर्यंत घेतली तर ४६.६५ येतं. हे बरोबर उत्तर.

उत्तर ४४६.३३ आलं असेल तर रसायनशास्त्र नीट जमलंय, कॅल्क्युलेटरवर कंस राहिलाय. तुम्ही २८ ÷ १२ + १६ + २८ + ४ × १०० असं सलग दाबलं. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरने आधी २८ ला फक्त १२ ने भागलं, ४ ला १०० ने गुणलं आणि मग सगळं मिळवलं. दुकानात हिशेबाला असतो तो साधा कॅल्क्युलेटर क्रमाने चालत जातो, त्यावर हेच दाबलं तर ५०३३.३३ दिसतं. उपाय सोपा आहे. छेदाची बेरीज आधी वेगळी करून कागदावर लिहा, मगच भागाकाराला हात लावा.

२३.३३ आलं तर छेद बरोबर आहे, पण अंशात नायट्रोजन एकदाच धरलाय. बरोबर उत्तराच्या नेमकं निम्मं किंवा तिसरा हिस्सा आलं की समजावं, वर अणूंची संख्या गुणायची राहिली.

९३.३३ आलं तर प्रत्येक नायट्रोजन २८ चा धरला गेलाय. हवेतला नायट्रोजन दोन अणूंच्या रेणूच्या रूपात असतो आणि त्या रेणूचं वस्तुमान २८ आहे, हे पाठ असलेली हुशार मुलंच इथे फसतात. संयुगाच्या आत मात्र आपण एकेक अणू मोजतो आणि अणू १४ चा.

३१.८२ आलं असेल तर कंसाबाहेरचा २ तुम्ही अंशातही विसरलात आणि छेदातही. २५ आलं तर वजनाऐवजी अणूंची डोकी मोजलीत: आठ अणूंपैकी दोन नायट्रोजनचे. आणि ४३.७५ आलं तर अणुवस्तुमानाऐवजी अणुअंक घेतलाय, म्हणजे नायट्रोजन ७, कार्बन ६, ऑक्सिजन ८. ही शेवटची चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ येतं. हलक्या मूलद्रव्यांचं अणुवस्तुमान साधारण अणुअंकाच्या दुप्पट असतं. वर-खाली दोन्हीकडे निम्मे आकडे घेतले की गुणोत्तर फारसं बिघडत नाही आणि बहुपर्यायी प्रश्नात मूल निर्धास्तपणे जवळच्या पर्यायावर खूण करून मोकळं होतं. पाण्यासाठी मात्र हीच चूक चटकन उघडी पडते. हायड्रोजन ११.१९ टक्के यायला हवा, तिथे २० येतो, कारण हायड्रोजनचा अणुअंक आणि अणुवस्तुमान दोन्ही १ च आहेत.

"सगळ्या टक्केवारींची बेरीज शंभर आली की उत्तर बरोबर" असं बहुतेक ठिकाणी शिकवलं जातं. मीही बरीच वर्षं तसंच सांगत होते. आता त्याला एक पुस्ती जोडते, आणि ही पुस्ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. ही बेरीज फक्त आकडेमोडीतली चूक पकडते. २३.३३ आणि ९३.३३ तिच्यात लगेच सापडतात. पण ३१.८२ वाल्या मुलाने बाकीची मूलद्रव्यंही काढली तर कार्बन २७.२७, ऑक्सिजन ३६.३६, हायड्रोजन ४.५५ येतात आणि बेरीज चोख १०० भरते. २५ आणि ४३.७५ यांचंही तसंच. जी चूक वर-खाली सारखीच झाली, ती बेरजेला दिसत नाही. मुलांना वाटतं पडताळा मिळाला, आणि मग त्या उत्तराकडे पुन्हा कोणी बघतच नाही. म्हणून बेरजेच्या आधी रेणुवस्तुमान तपासा. युरियाचं ६० आलं का? ४४ किंवा ३२ आलं असेल तर पुढचं सगळं गणित करण्यात अर्थ नाही.

दशांशातल्या फरकाबद्दल थोडक्यात. शेजारच्याचं ४६.६५ आणि तुमचं ४६.६७ यात भांडण नाही. प्रश्नात जी अणुवस्तुमानं दिली असतील तीच घ्या. क्लोरीन ३५.५ घ्या, ३५ घेऊ नका. मधल्या पायरीवर आकडा कापू नका. २८ ÷ ६० चे ०.४७ करून पुढे गेलात तर ४७ टक्के येईल.

मोरचूद: सूत्रातला तो छोटासा ठिपका

आता अशी अडचण, जिथे अणुवस्तुमानं, कंस, कॅल्क्युलेटर सगळं ठीक असतं आणि तरी उत्तर उत्तरपत्रिकेशी जुळत नाही.

मोरचुदाचे निळे खडे म्हणजे कॉपर सल्फेट, पण एकटं नव्हे. त्याच्या प्रत्येक सूत्र-एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. यालाच स्फटिकजल म्हणतात. सूत्रात ते मूळ संयुगापुढे ठिपका, मग ५ आणि पाण्याचं सूत्र असं लिहितात. परीक्षानळीत खडा तापवला की पाणी निघून जातं, वरच्या थंड भागावर थेंब जमतात आणि तळाशी पांढरी भुकटी उरते. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळी. हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी पाहिलेला असतो. टक्केवारी काढताना मात्र तो कोणालाच आठवत नाही.

तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजन चार म्हणजे ६४, बेरीज १५९.५. पाण्याचे पाच रेणू म्हणजे ९०. एकूण २४९.५. तांबं ६३.५ ÷ २४९.५ × १०० = २५.४५ टक्के.

३९.८१ आलं तर स्फटिकजल सोडून दिलंय. ते निर्जल कॉपर सल्फेटचं उत्तर आहे, तेव्हा प्रश्नात काय म्हटलंय ते पुन्हा वाचा. ०.४४ आलं तर सूत्रातला ठिपका गुणाकाराचा समजून १५९.५ ला ९० ने गुणलंय. तो ठिपका "सोबत" एवढंच सांगतो, तिथे बेरीजच करायची. ३४.२३ आलं तर ठिपक्यानंतरचा ५ फक्त हायड्रोजनला लावलाय, म्हणजे दहा हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन. तो ५ संपूर्ण पाण्याच्या रेणूचा आहे.

प्रश्न ऑक्सिजनचा असेल तर अजून एक खड्डा. सल्फेटमधले चार आणि पाण्यातले पाच मिळून ऑक्सिजनचे नऊ अणू होतात, म्हणजे १४४ ÷ २४९.५, म्हणजे ५७.७२ टक्के. छेद २४९.५ घेऊन वर चारच ऑक्सिजन ठेवले तर २५.६५ येतं. इथे मात्र बेरजेचा पडताळा कामाला येतो. चारही मूलद्रव्यांची बेरीज ६७.९४ भरते, तुटलेले ३२.०६ म्हणजे ८० ÷ २४९.५, म्हणजे पाण्यातले ते पाच ऑक्सिजन. बेरीज शंभरच्या खाली आली तर किती कमी पडली ते मोजा. त्या तुटीतूनच कोणता अणू सुटला ते बहुतेक वेळा कळतं.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातल्या मुलांना मी हाच प्रश्न बोर्डो मिश्रणातून, म्हणजे द्राक्षवेलींवर फवारायच्या बुरशीनाशकातून, विचारते. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मग त्यात तांबं एक टक्का आहे का? नाही. एक किलो मोरचुदात तांबं २५४.५ ग्रॅमच, म्हणजे फवाऱ्यात साधारण पाव टक्का. "एक टक्का" हा आकडा मोरचुदाचा आहे, तांब्याचा नाही. घरी रोज हे मिश्रण बनवताना पाहिलेली मुलं इथे क्षणभर गप्प होतात आणि मग स्वतःच म्हणतात, टक्का नेमका कशाचा ते आधी विचारायला हवं.

संयुगातली टक्केवारी मुळात ठरलेली असते, हे आज आपल्याला उघड वाटतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्राउस्ट यांना ते तांब्याच्या कार्बोनेटवर दाखवून द्यावं लागलं. खनिज म्हणून सापडलेलं असो वा प्रयोगशाळेत केलेलं, त्यात तांबं, कार्बन, ऑक्सिजन त्याच प्रमाणात. हाच स्थिर प्रमाणाचा नियम. पण नियम संयुगाला लागू आहे, बाटलीला नाही. बाटलीतले हिराकसाचे, म्हणजे फेरस सल्फेटचे खडे कोरड्या हवेत थोडंथोडं स्फटिकजल सोडतात आणि वर पांढुरकी भुकटी धरते. अशा नमुन्याचं विश्लेषण केलं तर लोह सूत्रावरून काढलेल्या २०.१ टक्क्यांपेक्षा जास्त निघतं. लोह होतं तेवढंच आहे, सोबतचं पाणी गेल्यामुळे शंभराची बेरीजच बदलली. प्रात्यक्षिकात आकडे जुळले नाहीत म्हणून वहीतले निरीक्षण खोडून "बरोबर" उत्तर लिहू नका. बाटली किती जुनी आहे आणि खडे कसे दिसतात ते आधी बघा.

गोणीवरचे ६०

आता त्या मुलीचा प्रश्न.

पोटॅशियम ३९.१, क्लोरीन ३५.५, बेरीज ७४.६. पोटॅशियम ५२.४ टक्के. म्हणजे संपूर्ण शुद्ध पोटॅशियम क्लोराइड घेतलं तरी त्यात पोटॅशियम ५२.४ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. भेसळ असेल तर आकडा खाली येईल, वर कधीच नाही. मग ६० आले कुठून?

खताच्या गोणीवर पालाश म्हणून जो आकडा छापतात तो पोटॅशियमचा नसतो. तो पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबात मांडलेला असतो. गोणीत पोटॅशियम ऑक्साइड कणभरही नाही, तिथे क्लोराइडच आहे. त्यातल्या पोटॅशियमचं सगळं ऑक्साइड झालं असतं तर किती भरलं असतं, तो तो आकडा. पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियमचे दोन अणू ७८.२ आणि ऑक्सिजन १६, एकूण ९४.२. म्हणून ५२.४१ × ९४.२ ÷ ७८.२ = ६३.१. शुद्ध पदार्थाला ६३.१, आणि बाजारातला माल शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून ६०. उलटं करायचं तर ६० × ७८.२ ÷ ९४.२ = ४९.८. त्या गोणीत मूलद्रव्य पोटॅशियम ४९.८ टक्के आहे. तिचे ५२.४ शुद्ध संयुगाचे होते, गोणीतले ४९.८ बाजारातल्या मालाचे, आणि ६० त्याच मालाचे पण ऑक्साइडच्या भाषेत.

हा रिवाज जुन्या विश्लेषणपद्धतीतून आलाय. तेव्हा पदार्थ जाळून राखेत उरणारे क्षार ऑक्साइडच्या रूपात मोजत. पोटॅश हे नावच लाकडाच्या राखेतून काढलेल्या क्षाराचं. पोटॅशियम धातू डेव्ही यांनी वेगळा केला तो १८०७ साली, त्याच्या कितीतरी आधीपासून पोटॅशचा व्यापार चालू होता. मराठीत घोटाळा आणखी वाढतो, कारण नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) हे तिन्ही शब्द आपण मूलद्रव्याची नावं म्हणूनच बोलतो. गोणीवर मात्र नत्र मूलद्रव्याच्या हिशेबात असतं आणि स्फुरद, पालाश ऑक्साइडच्या. एकाच ओळीत तीन आकडे आणि दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या.

त्यामुळेच युरियाची गोणी बरोबर जुळते. सूत्राने ४६.६५, गोणीवर ४६. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, म्हणजे तीत नत्र २०.७ किलो. मुलं हे पाहतात, विश्वास बसतो, आणि मग डीएपीला अडकतात.

डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. रेणुवस्तुमान १३२. नायट्रोजन २८ ÷ १३२, म्हणजे २१.२ टक्के. फॉस्फरस ३१ ÷ १३२, म्हणजे २३.५ टक्के. गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने लिहिलेलं असतं १८:४६:०. इथे काय होतं ते मी कित्येक वह्यांत पाहिलंय. मुलाला २३.५ येतं, गोणीवर ४६ दिसतं, मुलगा म्हणतो "अरे, मी फॉस्फरस एकदाच धरला, दोन असणार". मग ६२ ÷ १३२ करतो, उत्तर येतं ४६.९७, आणि तो सुटकेचा श्वास टाकतो. आकडा जुळला! पण सूत्रात फॉस्फरस एकच आहे. दोन आहेत ते अमोनियम. योगायोगाने जुळलेल्या आकड्याने बरोबर गणित खोडून चुकीचं लिहायला लावलं. असं झालेलं मूल पुढच्या प्रत्येक प्रश्नात आपल्या बरोबर उत्तरावर शंका घ्यायला लागतं, आणि मला याचं सगळ्यात वाईट वाटतं.

खरा जुळवणीचा मार्ग असा. स्फुरदाचा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात असतो, म्हणजे दोन फॉस्फरस ६२, पाच ऑक्सिजन ८०, एकूण १४२. शुद्ध संयुगासाठी २३.४८ × १४२ ÷ ६२ = ५३.८. गोणीवर ४६, कारण खनिज फॉस्फेटपासून केलेल्या आम्लातून हे खत बनतं आणि त्याबरोबर लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमची संयुगं थोडीफार येतातच. नत्रही त्यामुळेच २१.२ ऐवजी १८. मूलद्रव्य फॉस्फरस हवा असेल तर ४६ × ६२ ÷ १४२ = २०.१ टक्के, ५० किलोच्या गोणीत साधारण १० किलो.

लोहखनिजात याच्या उलट चाल आहे. गोव्याच्या खाणींच्या बातम्यांत ५८ टक्के ग्रेड असा उल्लेख येतो, तो थेट मूलद्रव्य लोहाचा. हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइड-खनिजात (दोन लोह, तीन ऑक्सिजन) लोह ११२ ÷ १६०, म्हणजे ७० टक्के. सगळं लोह हेमॅटाइटमध्येच आहे असं धरलं तर ५८ टक्क्यांच्या मालात हेमॅटाइट ८२.९ टक्के झालं. आणि खाण्याच्या पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. मिठात सोडियम ३९.३ टक्के, म्हणून पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, तेव्हा सोडियमची ती मर्यादा दोन ग्रॅमची असते. घरात कोणाला रक्तदाब असेल तर हा हिशेब जरूर करून बघा.

हे सगळं समजल्यावर ती मुलगी लगेच दुसरा प्रश्न घेऊन आली, आणि तो तिच्या वडिलांचा होता. गिऱ्हाईक विचारतं, झिंक सल्फेट हेप्टा एकरी १० किलो टाकतो, हेप्टा संपलंय, मोनो किती देऊ? हेप्टा म्हणजे सात रेणू स्फटिकजल, मोनो म्हणजे एक. तिने आधी सूत्रावरून काढलं. हेप्टात झिंक ६५.४ ÷ २८७.४, म्हणजे २२.७६ टक्के. मोनोत ६५.४ ÷ १७९.४, म्हणजे ३६.४५. त्यावरून मोनो ६.२४ किलो.

मग तिने स्वतःच पिशवी उलटून बघितली. हेप्टावर झिंक २१ टक्के, मोनोवर ३३ टक्के. इथे झिंक मूलद्रव्याच्याच हिशेबात छापलेलं असतं, ऑक्साइडची भानगड नाही, फक्त शुद्धतेचा फरक. १० × २१ ÷ ३३ = ६.३६ किलो. परीक्षेच्या वहीत तिने ६.२४ ठेवलं आणि त्याशेजारी "शुद्ध संयुग धरून" असं लिहिलं. वडिलांना फोनवर ६.३६ सांगितलं.